तेल बदलले की ब्रॉयलरचा एफसीआर पुन्हा पुन्हा का बिघडतो?

तक्रार साधारण अशी असते. खाद्यातले सोया तेल कमी करून त्याजागी ॲसिड ऑइल, टॅलो (जनावराची वितळवलेली चरबी), पाम तेल, भाताच्या कोंड्याचे तेल किंवा पाम फॅटी ॲसिड डिस्टिलेट (पाम तेल शुद्ध करताना वेगळी निघालेली आम्ले) आणले. पहिली बॅच व्यवस्थित निघाली. दुसऱ्या-तिसऱ्या बॅचला २८व्या दिवशी वजन मागे, गादी (शेडमध्ये अंथरलेले तूस) चिकट, एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेले खाद्य) वर. मग आतड्याचे औषध चालवले, पाण्याचा सॅनिटायझर बदलला, पिल्लांच्या लॉटला दोष दिला. पुढची बॅच आपोआप सुधारली आणि त्यानंतरची पुन्हा घसरली.

ती बॅच आपोआप सुधारलेली नसते. मधल्या काळात टँकर बदललेला असतो. फॉर्म्युल्यात ‘तेल, ३ टक्के’ अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर एकच ऊर्जा लिहिलेली असते. सोया तेलाच्या बाबतीत हे चालून जाते, कारण दोन टँकरमध्ये फारसा फरक नसतो. ॲसिड ऑइल मात्र तेल शुद्ध करताना उरलेल्या साबणासारख्या गाळावर आम्ल टाकून वेगळे केलेले असते. त्यात पाणी किती राहिले, गाळ किती, मूळ तेल कुठले, हे दर टँकरला बदलते. टॅलो आणि तळणीचे तेल यांचेही तेच.

त्यामुळे आधी बिघाड कुठल्या जातीचा आहे ते ठरवा. पक्षी कितव्या दिवशी आणि कसे बिघडले यावरून बरेचसे कळते. पहिल्या दहा दिवसांत विष्ठा तेलकट आणि पिल्ले लहान-मोठी दिसत असतील तर चरबी पचत नाही. दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान काही पिल्ले तोल जाऊन पडत असतील तर तेल खवट आहे. डोळ्याला काहीच दिसत नाही, मर नेहमीएवढीच, फक्त हिशेबात एफसीआर वर, असे असेल तर तेलाची ऊर्जा कागदापेक्षा कमी आहे. एकाच शेडमध्ये एका बाजूचे पक्षी भारी, दुसऱ्या बाजूचे हलके आणि फीडरच्या तळाला भुकटी साचलेली असेल, तर तेल तपासण्याआधी मिक्सरकडे जा.

कागदावरची ऊर्जा आणि खरी ऊर्जा

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच असते.

तेलाच्या रिपोर्टमध्ये ओलावा, न विरघळणारा गाळ आणि अनसॅपोनिफायेबल (ज्याचा साबण होत नाही असे) पदार्थ, असे तीन आकडे मागा. तिघांची बेरीज म्हणजे एमआययू. यातून पक्ष्याला जवळजवळ काहीच मिळत नाही, म्हणून जेवढे टक्के एमआययू तेवढे टक्के ऊर्जा सरळ कापायची. चांगल्या तेलात प्रत्येक आकडा १ टक्क्याच्या आत असतो. कोंड्याच्या कच्च्या तेलात ओरिझानॉल आणि मेणामुळे एकटे अनसॅपोनिफायेबलच ३ ते ५ टक्के भरते. ती भेसळ नव्हे, त्या तेलाचा स्वभाव आहे, पण कापायचे तेवढेच.

उदाहरण घ्या. सोया तेल ८,८०० किलोकॅलरी धरून टनाला ३० किलो टाकत होतात. म्हणजे खाद्याच्या प्रत्येक किलोत तेलातून २६४ किलोकॅलरी. आता ॲसिड ऑइल आले, पुरवठादाराने ७,८०० सांगितले, एमआययू ८ टक्के निघाले. खरी ऊर्जा राहिली ७,२०० च्या आसपास. तेच ३० किलो आता २१६ किलोकॅलरी देतात. किलोमागे ४८ गेल्या, म्हणजे ३,०५० चे खाद्य ३,००२ चे झाले. पक्षी बहुतांशी ऊर्जेची भूक भागेपर्यंत खातो, त्यामुळे १.६० चा एफसीआर १.६२५ वर सरकतो. २.२ किलोच्या हजार पक्ष्यांमागे हे सुमारे ५५ किलो जादा खाद्य झाले. शेडमध्ये उभे राहून हा फरक कुणालाही दिसणार नाही.

भरपाई करताना एक चूक जवळपास सगळे करतात. २६४ भागिले ७२ (एक टक्का ॲसिड ऑइलची ऊर्जा) केले, ३.६७ टक्के आले, म्हणून टनाला ६.७ किलो तेल वाढवले. पण वाढवलेले तेल जागा घेते आणि तेवढा मका बाहेर जातो. मक्याच्या किलोतही ३,३५० किलोकॅलरी असतात. म्हणजे एक टक्का ॲसिड ऑइल वाढवून हाती खऱ्या अर्थाने ३८.५ किलोकॅलरीच लागतात. ४८ भरून काढायला १.२५ टक्के, टनाला १२.५ किलो तेल लागते. एकूण तेल ४२.५ किलो झाले, मक्याबरोबर टनामागे एक किलो प्रथिनही गेले आणि पेलेट (दाबून केलेली खाद्याची गोळी) फुटायला लागली ती वेगळीच.

हा हिशेब करून पाहिला की पुष्कळदा दुसरा मार्ग स्वस्त पडतो: ऊर्जा ३,००० वरच राहू द्यायची आणि अमिनो आम्ले त्याच प्रमाणात खाली आणायची. पचनीय लायसिन १.१० टक्के असेल तर १.०८. एफसीआर थोडा वर दिसेल, पण किलोमागचा खर्च कमी येऊ शकतो. एफसीआर हा आकडा अहंकाराचा करून ठेवला की हे गणित कुणी करत नाही.

पोटात गेले, पण पचले नाही

पहिल्या आठवडा-दहा दिवसांत पिल्लाचे पित्त आणि लायपेज (चरबी पचवणारे विकर) दोन्ही अपुरे असते. सोयासारखे पातळ, असंतृप्त तेल ते तरीही बऱ्यापैकी पचवते. टॅलो आणि पामच्या कडक भागातली संतृप्त आम्ले त्याला जड जातात. त्यातही मोकळी आम्ले (तेलाच्या रेणूतून सुटलेली फॅटी ॲसिड) असतील तर अडचण दुप्पट होते. साधे तेल पचताना मोनोग्लिसराइड तयार होतात आणि तेच संतृप्त आम्लांना पित्तात मिसळून आतड्याच्या भिंतीपर्यंत नेतात. पाम फॅटी ॲसिड डिस्टिलेटमध्ये ८० टक्क्यांहून अधिक मोकळी आम्ले असतात, ग्लिसराइड फारच थोडे. वाहून नेणाराच नाही. मग ही आम्ले खाद्यातल्या कॅल्शियमला धरतात, न विरघळणारा साबण होतो आणि तो विष्ठेतून गादीवर पडतो. तेल गेले, बरोबर कॅल्शियमही गेले. अशा बॅचमध्ये पाय कमजोर दिसले तर नवल नाही.

ओळखायची सोपी युक्ती आहे. सकाळी शेडच्या दहा वेगवेगळ्या जागांवरून ताजी विष्ठा घ्या, खाकी कागदावर अंगठ्याएवढी दाबा, खरवडून टाका आणि कागद उन्हात पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर उजेडासमोर धरा. पाण्याचा डाग नाहीसा होतो, चरबीचा डाग काचेसारखा पारदर्शक राहतो. दहापैकी एक-दोन कागदांवर डाग असेल तर सोडून द्या. सहा-सात कागदांवर असेल तर पचनाचा प्रश्न आहे. जुन्या तेलावरचा एखादा शेड असेल तर त्याचेही कागद शेजारी ठेवा, मग वाद उरत नाही.

गादीचीही खूण वेगळी असते. पाणी गळून ओली झालेली गादी मुठीत दाबली की लगदा होते आणि निपलच्या (पाणी पिण्याच्या तोट्यांच्या) ओळीखालीच सापडते. चरबीची गादी सगळीकडे वरून काळपट, चामड्यासारखी पापुद्र्याने झाकलेली असते. पापुद्रा उचलला की खाली तूस कोरडे निघते. तळपायाचे चट्टे तिथूनच सुरू होतात.

एक सावधगिरी. कॉक्सिडिओसिस (आतड्यातल्या परजीवीचा रोग) आणि आतड्याची सूज यांतही चरबी न पचता बाहेर पडते. खाद्यात अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष) असेल तरीही लायपेज आणि पित्त कमी होऊन विष्ठा तेलकट होते. चार-पाच पक्षी उघडून बघा. आतड्यावर ठिपके, रक्त किंवा फुगवटा असेल, यकृत फिकट पिवळे असेल, तर तेलाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पचनाचा प्रश्न ठरलाच, तर मिश्रण बदला. असंतृप्त आणि संतृप्त आम्लांचे गुणोत्तर हा इथला कामाचा आकडा. सोया तेलात ते साधारण ८५ ला १५, म्हणजे साडेपाचच्या पुढे. पाम तेल आणि टॅलोत निम्मे-निम्मे, म्हणजे १. सोया ७० भाग आणि पाम ३० भाग केले तर २.९ येते, निम्मे-निम्मे केले तर २.१. मक्याचे स्वतःचे तेलही हिशेबात धरा. ५५ टक्के मका म्हणजे खाद्यात सुमारे १.९ टक्के मक्याचे तेल, तेही असंतृप्त. म्हणून मक्याच्या खाद्यात ३ टक्के निव्वळ पाम टाकूनही एकूण गुणोत्तर १.८ च्या आसपास राहते. गहू किंवा तांदळाच्या कणीवरच्या खाद्यात हा आधार नसतो. तिथे टॅलो एकटा टाकला तर गुणोत्तर तर घसरतेच, शिवाय लिनोलेइक आम्ल आवश्यक १ टक्क्याच्या खाली जाण्याची भीती असते.

व्यवहारात जमणारी मांडणी अशी: १० ते १४ दिवसांपर्यंत फक्त सोया किंवा तसेच पातळ तेल, तेही टनाला १५-२० किलोच. २१ दिवसांपर्यंत घातलेल्या तेलापैकी जास्तीत जास्त एक तृतीयांश कडक चरबी. त्यानंतर निम्म्यापर्यंत. मिश्रणातली मोकळी आम्ले स्टार्टरमध्ये १५ टक्क्यांच्या आत ठेवा, फिनिशरमध्ये ३० पर्यंत चालवून घेता येते. पिल्लू पहिल्या दहा दिवसांत खाते ते थोडेच. तिथे तेलात वाचवलेले पैसे मोजायलाही पुरत नाहीत.

लायसोलेसिथिनसारखे इमल्सिफायर (चरबी पाण्यात मिसळवणारे पदार्थ) टनाला २५० ते ५०० ग्रॅम टाकल्याने मदत होते, विशेषतः टॅलो आणि पामला. साधे सोया लेसिथिन तेलात मिसळूनही चालते, फक्त ते घट्ट असल्यामुळे कोमट तेलात आधी विरघळवून घ्यावे लागते. गहू-बार्ली जास्त असेल तर झायलनेज (धान्यातले चिकट तंतू फोडणारे विकर) हवेच. आतड्यातला चिकटपणा कडक चरबीला सगळ्यात जास्त नडतो. आणि चुनखडीचे माप पुन्हा तपासा. जादा कॅल्शियम म्हणजे जादा साबण. इमल्सिफायरकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नका: खवट तेल त्याने सुधारत नाही.

खवट तेल आणि फसवा पेरॉक्साइड

पिल्लू चालता चालता थबकते, डोके मागे किंवा एका बाजूला वळते, पाठीवर पडते आणि पाय हवेत सायकलसारखे मारते. भूक असते, पण दाण्यापर्यंत पोहोचता येत नाही. उघडल्यावर लहान मेंदू सुजलेला, त्यावर रक्ताचे बारीक ठिपके. हा एन्सेफॅलोमलेशिया, म्हणजे ई जीवनसत्त्वाची कमतरता. प्रीमिक्समध्ये (जीवनसत्त्वे-खनिजांच्या तयार मिश्रणात) ई टाकलेले असते, पण खवट तेल ते खाद्यातच जाळून टाकते. लक्षण दिसले की खाद्य त्याच दिवशी बदला आणि पाण्यातून ई द्या. पडलेली पिल्ले क्वचितच उठतात. औषध उरलेल्यांसाठी असते. राणीखेतमध्येही मान वाकडी होते, त्यामुळे लसीकरणाची नोंद आणि श्वासाची लक्षणे एकदा बघून घ्या.

“पण पेरॉक्साइड तर ३ आला होता!” हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. पेरॉक्साइड मूल्य खवटपणाच्या पहिल्या टप्प्यात चढते आणि पुढे ते पेरॉक्साइड फुटून आल्डिहाइड झाले की पुन्हा खाली येते. ताज्या तेलाचा आकडा ५ च्या आत असतो आणि महिनोन्‌महिने तापवलेल्या तेलाचाही असू शकतो. त्यासाठी ॲनिसिडिन मूल्य, म्हणजे त्या आल्डिहाइडचे माप, सोबत मागा. पेरॉक्साइडची दुप्पट अधिक ॲनिसिडिन म्हणजे टोटॉक्स, एकूण खवटपणाचा आकडा. पेरॉक्साइड १० च्या वर गेला तर घेऊ नका. तो कमी आणि ॲनिसिडिन चढलेले असेल तर तेल जुने आहे, दुसऱ्या कुठल्या तपासणीची वाट बघायची गरज नाही.

तळणीच्या तेलात याशिवाय पॉलिमर असतात. ते पचत नाहीत आणि ऊर्जेच्या हिशेबात त्यांची कपातही होत नाही. एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या पुढे गेले की अनेक देशांत ते तेल तळणासाठीही बाद धरतात. जे माणसांच्या कढईतून बाद झाले ते पिल्लाच्या खाद्यात कुठल्या प्रमाणात चालेल, हा प्रश्न तिथेच मिटतो. आणि काही देशांत असे तेल खाद्यात घालायला कायद्यानेच बंदी आहे. घेण्याआधी आपला नियम बघा.

आता पुन्हा पुन्हा येण्याचे खरे कारण. नवा टँकर चांगला असतो, रिपोर्ट स्वच्छ असतो आणि तो ज्या टाकीत ओतला जातो तिच्या तळाशी मागच्या चार टँकरचा गाळ असतो. पाणी, साबण, काळा चिकट थर. दह्याच्या विरजणासारखे ते काम करते: दोन-तीन आठवड्यांत वरचे तेलही खवट. टाकीची तोटी तळापासून वर असेल तर हा थर कधीच बाहेर येत नाही. म्हणून:

– तळाला उतार आणि अगदी खाली निचऱ्याचा कॉक हवा. दर टँकरच्या आधी स्वच्छ तेल लागेपर्यंत निचरा करा.
– तीन महिन्यांतून एकदा टाकी रिकामी करून आतून खरवडा, धुवा, पूर्ण वाळवा.
– पितळी कॉक आणि तांब्याची नळी काढून टाका. तांबे ऑक्सिडेशनला चाबूक मारते. स्टेनलेस स्टील उत्तम, साधे लोखंडही चालते.
– मोठी टाकी फक्त तेल वाहील एवढीच कोमट ठेवा. ५० ते ६० अंश तापमान दिवसभराच्या छोट्या टाकीतच.
– बीएचटीसारखे अँटिऑक्सिडंट तेल आल्या दिवशी मिसळा. खवट झाल्यावर टाकून काही उपयोग नाही.

प्रीमिक्सकडेही एक नजर टाका. ब्रॉयलरच्या आजच्या शिफारशी स्टार्टरमध्ये ई जीवनसत्त्व किलोला ८० आययूच्या (आंतरराष्ट्रीय एककांच्या) आसपास आहेत. जीवनसत्त्वे, कोलिन क्लोराइड आणि खनिजे एकाच पोत्यात महिनाभर पडून असतील तर तेलाआधी त्यांनीच ई संपवलेले असते.

मिक्सरमधली गडबड

आधी सगळे कोरडे साहित्य दीड-दोन मिनिटे फिरवा, मग तेल नोझलमधून फवारा, मग पुन्हा दोन-तीन मिनिटे. तेल आधी पडले किंवा बादलीने ओतले तर मीठ, लायसिन आणि औषधे गोळ्यांत अडकतात. मिक्सरमधून निघालेले खाद्य चाळून बघा. वाटाण्याएवढे गोळे हाताने फोडले की आत तेलकट पिवळा गाभा सापडतो. टॅलो थंड असला की हे हमखास होते, कारण तो ४० अंशांच्या आसपास आणि त्याखाली घट्ट होतो. थंडीच्या दिवसांत मधल्या उघड्या पाइपमध्येच तो जमतो, मीटर चालत राहतो आणि तेल जात नाही.

पेलेटच्या आधी मिक्सरमध्ये १ ते १.५ टक्क्यापेक्षा जास्त तेल टाकू नका. डायमध्ये (पेलेट घडवणाऱ्या छिद्रांच्या साच्यात) घर्षण कमी होते, पेलेट मऊ निघते आणि शेडपर्यंत निम्मी भुकटी होते. उरलेले तेल गरम पेलेटवर फवारा. फवारणीची सोय नसेल तर त्याहून जास्त तेलाचा फॉर्म्युला कागदावरच ठेवा. तेलाने मिळवलेली ऊर्जा भुकटीने खाल्ली जाते.

टँकर उतरवण्याआधी

नमुना वर, मधे आणि तळाला, असा तीन ठिकाणचा घ्या. फक्त वरचा घेतलेला नमुना म्हणजे पुरवठादाराची बाजू. एक बाटली सीलबंद करून, अंधारात आणि थंड जागी, त्या तेलावरचे पक्षी विकले जाईपर्यंत ठेवा.

गेटवर तीन गोष्टी होतात. १०० मिलीच्या उभ्या काचनळीत तेल भरून ६० अंशांच्या पाण्यात चार तास ठेवा. तळाला जमलेले पाणी आणि गाळ मिलीत वाचला की तेवढेच टक्के. २ च्या वर गेला तर भाव पुन्हा बोला किंवा टँकर परत पाठवा. दुसरे, तेलाएवढेच कोमट पाणी घालून हलवा, थर वेगळे झाले की पाण्यात पीएच पेपर बुडवा. ४ च्या खाली आला तर ॲसिड ऑइल नीट धुतलेले नाही, त्यात सल्फ्युरिक आम्ल आहे. ते तुमची टाकीही खाईल. तिसरे, खनिज तेलाची भेसळ: १ मिली तेल, २५ मिली अर्धा नॉर्मल अल्कोहोलिक पोटॅशियम हायड्रॉक्साइड, पारदर्शक होईपर्यंत वॉटर बाथवर उकळा आणि २५ मिली गरम डिस्टिल्ड पाणी घाला. गढूळ झाले तर प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत टँकर उभा. अल्कोहोलची वाफ पेट घेते, तेव्हा उघड्या ज्योतीवर हे करू नका.

डायॉक्सिन आणि पीसीबी ही चरबीत साचणारी विषारी रसायने मात्र गेटवर सापडत नाहीत. १९५७ मध्ये अमेरिकेत विषारी चरबीने लाखो कोंबड्या पोटात पाणी होऊन मेल्या. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये पुनर्वापराच्या चरबीत पीसीबी असलेले औद्योगिक तेल मिसळले गेले आणि देशभरातली कोंबडी-अंडी बाजारातून काढावी लागली. दोन्ही वेळा विष खाद्यातल्या चरबीतूनच आले. म्हणून स्वस्त भावापेक्षा हे तेल कुठल्या कारखान्यातून निघाले, हे लेखी विचारा. सांगता येत नसेल तर घेऊ नका.

बदल करताना स्टार्टरच्या मध्यावर कधीच करू नका. खाद्याचा टप्पा बदलतो त्याच वेळी, तीन-चार दिवस निम्मे-निम्मे करून तेल बदला आणि एक शेड जुन्या तेलावर ठेवा. त्या शेडशिवाय पुढच्या महिन्याची सगळी चर्चा अंदाजाची.

उरलेले पर्याय थोडक्यात. सरकीचे कच्चे तेल टाळा. त्यात गॉसिपॉल आणि सायक्लोप्रोपीन आम्ले असतात. माशाचे तेल १ टक्क्याच्या आत आणि विक्रीच्या दोन आठवडे आधी बंद, नाहीतर मांसाला वास येतो. खोबरेल संतृप्त असूनही पचते, कारण त्यातली आम्ले बहुतांशी मध्यम साखळीची आहेत. भाजलेले अख्खे सोयाबीन हा सगळ्यात कमी भानगडीचा मार्ग: १०० किलोमागे १८ ते २० किलो तेल दाण्याच्या आतच सुरक्षित येते, टाकी नको, नोझल नको. फक्त युरिएजची (दाणा पुरेसा भाजला का हे दाखवणाऱ्या विकराची) तपासणी दर लॉटला करा. पीएचमधली वाढ ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान यायला हवी. त्याच्या वर म्हणजे दाणा कच्चा, खाली म्हणजे बहुधा जास्त भाजून लायसिन मारलेले.